नानांच्या बेसचा काळा रंग

नाना बेसवाल्यांचं नाव निघालं की आमच्या ऑर्केस्ट्रातली जुनी माणसं अजून एकच गोष्ट सांगतात. म्हणे त्या माणसानं मिशीला लावायचा रंग गिटारला लावला. सांगतात आणि पोट धरून हसतात. मी समोर असले तर टाळीसाठी हात पुढे करतात. मी टाळी देत नाही. हसणाऱ्यानं हसावं, माझं काही म्हणणं नाही, पण त्या रंगाखाली काय होतं ते ह्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नाही. आणि ठाऊक नसताना तोंड चालवणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग आहे. म्हणून आता मीच सांगते.

मी शोभा. जालन्यात राहते. आमचे हे नंबरप्लेटा आणि दुकानांच्या पाट्या रंगवतात, आणि मी बबनशेठच्या ऑर्केस्ट्रात गायची. हळद, लग्न, गणपती, नवरात्र, कुणाच्या नव्या ट्रॅक्टरची पूजा, जिथून बोलावणं येईल तिथं टेम्पोत बसून जायचं. गाणारी बाई पुढे, माइकपाशी. तिला समोरचे लोक दिसतात, आपली माणसं दिसत नाहीत. त्यामुळे नानांना मी डोळ्यांनी कमी आणि पाठीनं जास्त ओळखलं म्हणायला हरकत नाही. ते माझ्या मागे डाव्या अंगाला उभे असायचे. त्यांनी पहिला सूर काढला की स्टेजची फळी माझ्या तळव्यांखाली हलकेच थरथरायची. ती थरथरली की मला कशाची भीती वाटायची नाही.

नाना मूळचे घनसावंगीचे. दिवसा मोंढ्यात एका बियाण्याच्या दुकानात कामाला आणि संध्याकाळी खांद्याला बेस, म्हणजे खालचे सूर काढणारी जाड चार तारांची गिटार. आमच्याच गल्लीत, आमच्या भिंतीला भिंत लावून भाड्यानं राहायचे. अंगानं उंच, शर्टाला कडक इस्त्री, वरच्या खिशात कंगवा. आणि मिशी! ती मिशी अशी काळीभोर की गल्लीतल्या बाया पाणी भरताना मुद्दाम विचारायच्या, नाना, कोणतं तेल लावता? नानांना ते चिडवणं कळायचं नाही असं नाही. पण ते गंभीरपणे सांगायचे, घराण्यातच काळं हाय.

घराण्यात काही नव्हतं, कढईत होतं. वहिनींची, म्हणजे नानांच्या बायकोची, कान तुटलेली एक जुनी लोखंडी कढई होती. तिच्यात आवळकाठीची, म्हणजे सुकवलेल्या आवळ्याची पूड, कडक चहाचं पाणी आणि चमचाभर मेंदी भिजत टाकायची. रात्रभरात लोखंड त्यात उतरतं आणि सकाळी डांबरासारखा लगदा तयार. आपल्याकडे कितीतरी घरांत बाया केसाला हेच लावतात, त्यात नवल काही नाही. नवल हे की नाना मिशीला तो लगदा लावून, वरून एरंडाचं पान बांधून, ओट्यावर पेपर वाचत बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी हूं-हूं करून बोलायचे.

दर शनिवारी मारुतीला तेल घालायला जायचे. वाटीच्या तळाला राहिलेलं तेल सांडू नये म्हणायचे. घरी येऊन ते बोटानं निपटून बेसच्या पट्टीवर चोळायचे. पट्टी म्हणजे ज्या लाकडावर तारा दाबतात ते. नानांच्या बेसची पट्टी शिसवीची होती. शिसवी म्हटलं की लोकांना काळंच डोळ्यांपुढे येतं, पण ही चांगली तपकिरी होती, लालसर रेघांची, आणि तिच्यात मध्ये मध्ये शिंपल्याचे बारके ठिपके बसवलेले. हात कुठवर आला ते त्या ठिपक्यांवरून कळतं. वर्षानुवर्षं मारुतीच्या वाटीतलं तेल पिऊन ते लाकूड तुकतुकीत झालं होतं आणि ठिपके पिवळे पडले होते.

बसून वाजवणं नानांना मंजूर नव्हतं. कार्यक्रम कितीही लांबू दे, पाय सुजू दे, हा माणूस उभा. एकदा माझी कंबर धरली होती तेव्हा मीच म्हटलं, नाना, तुम्हीपण जरा टेका, कोण बघतंय. तर म्हणाले, बेस पायातून वर येतो, बसलं की तो खुर्चीतच ऱ्हातो. असली त्यांची शास्त्रं. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

घनसावंगीच्याच एका लग्नातली गोष्ट. वरातीपुढे पोरं नाचत होती. नवरदेवाचा मामा जरा जास्तच रंगात आलेला, तो येऊन नानांपुढे उभा राहिला आणि बबनशेठला ऐकू जाईल असं म्हणाला, हे चार तारावालं काय करून राह्यलं? ऐकू तर काहीच येत न्हाई. नानांनी त्याच्याकडे बघितलं आणि दोन्ही हात तारांवरून उचलून छातीशी घडी घातली. बाकी सगळे वाजवत होते, मी गात होते. पण गाणं एकदम पोकळ झालं. नाचणाऱ्यांचे पाय चुकायला लागले, एक-दोघं थांबून इकडेतिकडे बघायला लागले, कुणाला काही कळेना. मामालाही कळेना. मग नानांनी हात खाली घेतला आणि सूर सोडला. वरात परत सुरू झाली. "खालचा सूर ऐकू येत न्हाई, मामा," नाना म्हणाले. "काढून घेतला की कळतो." तो मामा नंतर वरातभर नानांच्या शेजारून हलला नाही.

तर असा हा ताठ माणूस. तो एका वर्षी गणपतीत चुकायला लागला.

पहिल्यांदा मला वाटलं माझंच काही बिघडलं. मी सुरावर आहे आणि मागून काहीतरी खुपतंय. खालून वर जायची जागा आली की नानांचा हात एक पडदा पुढे पडायचा. पडदे म्हणजे पट्टीत आडव्या ठोकलेल्या धातूच्या तारा, दोन पडद्यांत बोटभरच जागा, पण ऐकणाऱ्याच्या दातांत खडा आल्यासारखं होतं. दुसऱ्या कार्यक्रमात परत तेच. तिसऱ्यात तर मी गाता गाता मान वळवली, जे मी कधी करत नाही. नाना मान खाली घालून पट्टीत इतके वाकले होते की मिशी तारांना लागेल.

बबनशेठ वाईट माणूस नव्हता, पण धंद्याचा होता. त्यानं त्याच सुमाराला नवा कीबोर्ड आणला होता, त्याच्यावर डाव्या हातानं बेसही वाजतो. परतीच्या टेम्पोत तो सगळ्यांदेखत म्हणाला, "नाना, नवरात्रात पिंपळगावला रेणुकाईपुढं कार्यक्रम हाय. तिथं बराबर झालं तर झालं. न्हाई तर मंग बेस कीबोर्डवरच घेऊ." नाना खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी फक्त मान हलवली. मला वाटलं काहीतरी फटकारतील, पण नाही.

नवरात्र तोंडावर आलं आणि एका दुपारी वहिनींचा आवाज भिंतीतून आला. वहिनी कधी आवाज चढवत नसत. मी पळत गेले. अंगणात नाना पाटावर बसलेले, पुढे सतरंजीवर बेस उताणा, तारा काढलेल्या, आणि शेजारी ती कान तुटकी कढई. टूथब्रशनं ते मिशीचा लगदा बेसच्या पट्टीला फासत होते. मला हसूच आलं. म्हटलं, नाना, मिशी झाली, आता गिटारीची पण? पुढच्या खेपेला कुणाची, बबनशेठची का? वहिनी हसल्या नाहीत. त्या आत निघून गेल्या. तेव्हा माझं हसू जागच्या जागी राहिलं.

"ताई, दार लोट," नाना म्हणाले. मी लोटलं. मग ब्रश खाली ठेवून ते माझ्याकडे न बघता बोलले. "ठिपके दिसंनात मला."

मी कढई बाजूला सरकवून त्यांच्यापुढे बसले.

"जालन्यातल्या डाक्टरला दावलं. काचबिंदू म्हणला. गेलेलं येत न्हाई म्हणला, ऱ्हायलेलं थेंब घालून टिकवायचं. समोरचं दिसतं, बाजूचं न्हाई. आन तपकिरीवर पिवळं तर बिलकुल न्हाई. पट्टी काळी केली तर ठिपका उठून दिसंल. एवढंच हाय."

आमचे हेही दार ढकलून माझ्या मागोमाग आत आले होते, त्यांनीही ऐकलं. हे म्हणजे पाट्या रंगवणारा सरळ माणूस. लगेच म्हणाले, मग रंग कशाला, माझ्याकडे रेडियम आहे, मोठे मोठे ठिपके कापून देतो, अंधारातसुद्धा चमकतील. खरं तर अक्कल त्यातच होती. पण नानांनी मान हलवली. "रेडियम ट्रालीला लावतेत, राजूभाऊ. ते बघितलं की लोकायला कळतं, ह्याला दिसत न्हाई. पट्टी काळी केली तर काय म्हणतील? म्हातारा शौकीन हाय म्हणतील. म्हणू दे की."

आणि मला म्हणाले, कुणाजवळ बोलायचं नाही. मी मारुतीची शपथ घेतली, ती आज मोडतेय. वहिनी, हे आणि मी, एवढ्या तिघांना ठाऊक. बाकी जगाला शौक.

पण रंग काही धरेना. तो लगदा दिवसभर ठेवून दुसऱ्या दिवशी पुसला तर खाली तीच तपकिरी, मध्ये मध्ये ढगासारखे काळपट डाग. कारण उघड होतं. इतक्या शनिवारचं तेल त्या लाकडात मुरलेलं, त्याच्यावर पाण्यातला रंग चढणार कसा? नानांनी मिशीचंच शास्त्र पुढे चालवलं. केसाला तेल असलं की रंग धरत नाही, आधी डोकं धुवावं लागतं. म्हणून त्या भल्या माणसानं रिठे उकळले आणि फेस करकरून बेसची पट्टी धुतली, वरून तांब्यानं पाणी ओतलं आणि गच्चीवर उन्हात वाळत घातली! मी गच्चीवरून कपडे काढायला गेले तेव्हा बघितलं. जिथं माझ्या साड्या, तिथं नानांचा बेस. लाकडाला कुणी असं न्हाऊ घालतं का?

व्हायचं तेच झालं. पट्टी खरबरीत झाली, लाकूड फुगलं आणि सुकताना एका पडद्याची तार टोकाकडून उचकटली. नाना बेस मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते. त्या उचकटलेल्या टोकावरून अंगठा फिरवत होते, परत परत. कार्यक्रम परवावर आलेला. मला तो अंगठा बघवेना. मी घरात गेले आणि ह्यांच्यावरच ओरडले, बघत काय बसलात, तुमच्या दुकानात लाकडाला रंग देतात की नाही?

मग दुसऱ्या दिवशी सकाळीच ह्यांनी काम हातात घेतलं. जाड फडकं ठेवून वरून रबरी हातोडीनं तो पडदा हळूहळू ठोकून बसवला. थिनरनं पट्टी पुसली. पहिलं फडकं पिवळंजर्द निघालं, दुसरं पण, नानांच्या सगळ्या शनिवारांचा वास आमच्या अंगणात पसरला. फडकं कोरडं आणि स्वच्छ निघेपर्यंत ते पुसत राहिले. बाजूच्या पिवळ्या लाकडाला नंबरप्लेटेची चिकटपट्टी लावली. शिंपल्याचे ठिपके काळे होऊ नयेत म्हणून मी माझी बिनरंगाची नेलपॉलिश आणली आणि एकेका ठिपक्यावर थेंब ठेवला. नानांनी या वेळी लगदा नाही, कढईतलं नुसतं पाणी गाळून घेतलं. त्यात आधी मूठभर लोखंडाचा चुरा टाकून ठेवला होता, पोलादाच्या कारखान्यांच्या जालन्यात त्याला काय तोटा. ब्रशनं एक हात दिला. पट्टी राखाडी झाली. नाना म्हणाले, थांबा. आम्ही चौघं उकिडवे बसून त्या लाकडाकडे बघत होतो. वारा लागेल तसं ते राखाडी काळं होत गेलं. दुसरा हात दिला, तिसरा दिला. शेवटी अशी काळी झाली की नानांच्या मिशीनं लाजावं. आणि त्या काळ्यात ते पांढरे ठिपके!

नाना वाकले नाहीत. ताठ बसल्या बसल्या म्हणाले, "दिसून राह्यले." वहिनींनी पदर तोंडाला लावला.

हे म्हणाले, आता चांगलं मुरू द्या, मग मेण घासू, नाही तर रंग बोटाला लागेल. पण मुरायला वेळ कुठं होता? दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो निघायचा होता. नानांनी तारा चढवल्या.

भोकरदनच्या रस्त्याला टेम्पोत सगळ्यांनी ती काळी पट्टी बघितली आणि चिडवून चिडवून नानांना हैराण केलं. ढोलकीवाला म्हणाला, नाना, आता बेसला पण बायको बघा. नाना मिशीवर बोट फिरवत हसत होते. त्यांना हवं तेच झालं होतं. मी मात्र बघत होते, त्यांनी मिशीवर फिरवलेल्या त्या बोटाचं टोक काळं होतं.

पिंपळगावला दिवेलागणीला सुरुवात झाली. देवळापुढे बाया-माणसं दाटीनं बसलेली. बबनशेठ स्टेजच्या कडेला हाताची घडी घालून उभा. त्यानं मुद्दाम दुसऱ्या नंबरलाच देवीचं गाणं ठेवलं होतं, आणि त्या गाण्यात एक जागा अशी की सगळी वाद्यं थांबतात आणि एकटा बेस खालच्या सुरावरून एकदम वर उडी मारतो, पट्टीवर जिथं दोन ठिपके शेजारी शेजारी असतात तिथं. गाण्यात ती जागा दोनदा येते. चुकलं तर झाकायला कुणी नाही. बबनशेठलाही ते ठाऊक होतं, म्हणून तर ते गाणं.

मी गायला लागले. माझं तोंड गात होतं आणि जीव सगळा पाठीत गोळा झाला होता. पहिलं कडवं संपलं, सगळे थांबले. त्या एवढ्याशा शांततेत मला नानांचं बोट तारेवरून सरकताना ऐकू आलं. आणि सूर लागला. नेमका. फळी थरथरली. मला तिथंच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसऱ्या कडव्याला मी मान वळवली. राहवलंच नाही. दिव्यांच्या उष्म्यानं नानांना घाम फुटला होता. घाम हातावरून बोटांवर, बोटांवरून पट्टीवर, आणि तो न मुरलेला रंग सुटून सगळ्या पट्टीभर फासला गेला होता. ठिपक्यांवरसुद्धा. एकही ठिपका पांढरा उरला नव्हता. आता पट्टी पहिल्यापेक्षा वाईट, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती काळी. नानांनी ठिपक्यावर अंगठा घासला, त्यानं आणखीच माखलं. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे, किंवा माझ्या दिशेनं. मी गात राहिले. दुसरं काय करणार? कडवं संपत आलं. शेवटची ओळ मी जमेल तेवढी लांबवली. दम संपला. सगळे थांबले.

नानांनी डावा हात पट्टीवरून काढूनच घेतला. उजव्या हातानं त्यांनी मोकळी तार छेडली, काही न दाबता. वरचा जो सूर लागायला हवा होता तोच, पण पार खाली, जमिनीतून आल्यासारखा. वर जायच्या जागी गाणं खाली उतरलं. देवळापुढची एक म्हातारी मोठ्यानं "आई गं" म्हणाली. ढोलकीवाला क्षणभर चमकला, मग हसला आणि तुटून पडला. त्यापुढे कार्यक्रम कसा संपला ते मला आठवतसुद्धा नाही.

संपल्यावर नाना बेस उतरवून उभे होते. बोटं काळी, गालावर काळा फराटा, आणि त्याच्यावर हसू. बबनशेठ स्टेजवर चढला. खूश होता, खरोखर खूश होता. नानांच्या डाव्या बाजूनं आला आणि हात पुढे केला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण लाउडस्पीकरवर घोषणा चालू होती म्हणून नुसता हात पुढे धरून उभा राहिला. नाना समोर देवळाकडे बघत होते. हसत होते. बबनशेठचा हात तसाच. त्यानं तो जरा हलवला. मग आणखी पुढे नेला, नानांच्या कोपरापर्यंत. नाना समोर बघत होते. मी दुसऱ्या टोकाला माइकच्या वायरी गुंडाळत होते, मला ओरडायचं होतं, पण मी वायरीच गुंडाळत राहिले. बबनशेठनं हात मागे घेतला. त्याचा चेहरा पडला. तो माझ्याकडे बघत पायऱ्या उतरून गेला.

टेम्पोपाशी नाना माझ्या जवळ आले. सगळ्यांची बोलणी एकदम का थांबली ते त्यांना कळत नव्हतं, किंवा कळलं होतं.

"ताई, शेठनं हात पुढं केल्ता का?"

मी हो म्हटलं.

"बराच येळ?"

"हो, नाना."

त्यांनी बेसचा पट्टा खांद्यावर सरकवला. मग म्हणाले, "मंग मला सांगायचं व्हतं. हिथून पुढं मी भलतीकडं बघत असलो तर गप नको ऱ्हात जाऊ. हाक मारत जा." एवढंच. परतताना त्यांनी बेस मांडीवर घेतला होता आणि पँटीला काळं लागत होतं तरी त्यांना त्याचं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बबनशेठ स्वतः नानांच्या घरी आला. मला वाटलं काढायला आला. तो ठेवायला आला होता; हात का धरला नाही ते त्याला रात्रीतून उमगलं होतं. म्हणाला, काल असं वाजवलं की तोड नाही, बेस तुमच्याकडेच राहणार. फक्त बसून वाजवा. चांगली गादीची खुर्ची आणतो, स्टेजवर चढवायला-उतरवायला माणूस देतो, पडलाबिडला तर मला पाप लागेल. त्याचं काही चूक नव्हतं, आज मला ते कळतं. तेव्हा मात्र मी भिंतीपलीकडून ऐकत होते आणि दातओठ खात होते. नानांनी त्याला चहा पाजला, पान दिलं, दारापर्यंत पोचवलं. आणि दारात म्हणाले, "शेठ, कीबोर्डवरच घ्या बेस." खुर्चीचा विषयसुद्धा त्यांनी काढला नाही.

त्या दिवाळीनंतर नाना-वहिनी कायमचे घनसावंगीला घरी गेले. मीही पुढे ऑर्केस्ट्रा सोडला. मागे तो खालचा सूर नसला की मला गाताना घरात एकटं असल्यासारखं व्हायचं. आता बेस वाजवणारे पुष्कळ चांगले आहेत, माझंच मन लागलं नाही.

मागच्या वर्षी घनसावंगीला एका बारशाला गेले तेव्हा त्यांच्याकडे गेले. नाना दारात उभे होते, इस्त्रीचा शर्ट, काळीभोर मिशी. मी चप्पल काढली त्या आवाजावरूनच म्हणाले, शोभाताई. दिसत काहीच नव्हतं. उजेड-अंधार तेवढा कळतो, वहिनी म्हणाल्या. बेस खुंटीला होता. नानांनी तो घेतला आणि भिंतीशी पाय रोवून उभे राहिले. देवीचं गाणं म्हण म्हणाले. मी म्हटलं. ती जागा आली आणि त्यांचा हात सरळ वर गेला आणि बराबर दोन ठिपक्यांपाशी थांबला. दोन्ही वेळा. मी विचारलं, नाना, कसं हो? म्हणाले, अर्धवट दिसायचं तवा हात भ्यायचा, आता दिसायचंच न्हाई तर भिऊन काय करणार.

मी त्या पट्टीकडे बघत होते. ती काळीकुळकुळीत होती. इतक्या वर्षांत रंग उडायला हवा होता. पाणी प्यायला आत गेले तर चुलीपाशी ती कान तुटकी कढई, आवळकाठी भिजत घातलेली. मी वहिनींकडे बघितलं. म्हटलं, वहिनी, मिशीचं समजलं, पण बेसला आता कशाला?

"रोज विचारतेत," वहिनी म्हणाल्या. "बेस काळाच हाय ना, कुणी आलं तर त्याला काळाच दिसंल ना, म्हणून. मला हाय म्हणायला तो खराच काळा तर पायजे."

मला रडू आलं. वहिनींनी मला गुळाचा खडा दिला आणि कढईवर ताट झाकलं.

निघताना नाना फाट्यापर्यंत पोचवायला आलेच. कुंपणाला हात लावत, पण ताठ. एक जीप आली, थांबली, दोन बाया उतरल्या. तरीही आत जागा नव्हती, ड्रायव्हरनं हातानंच नाही म्हणून सांगितलं आणि जीप निघाली. नानांनी हात वर केला आणि त्या जाणाऱ्या जीपला हलवत राहिले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. वाटलं, गप्प राहावं, ते वळून घरी जातील, त्यांना कळणारही नाही. पण पिंपळगावचा तो हात मला आठवला.

"नाना, मी इथंच आहे. जीप भरलेली होती."

हात खाली आला. मग मिशीतल्या मिशीत हसले. "मंग मी कुणाला टाटा करून राह्यलो?"

मी म्हटलं, उतरलेल्या बायांना वाटलं असेल म्हातारा शौकीन आहे. त्यावर ते खूप हसले. मी म्हटलं, दुसरी कधी येईल सांगता येत नाही, तुम्ही कट्ट्यावर बसा. ते बसले नाहीत.

दुसरी जीप आली तेव्हा मी मागच्या बाजूला बसले आणि बाहेर तोंड काढून मोठ्यानं हाक मारली, "निघाले हो नाना!" त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली, अगदी बराबर माझ्याकडे, आणि डावा हात वर केला. चारी बोटांची टोकं काळी होती. जीप वळेपर्यंत ते तसेच उभे होते.